खडा पडेपर्यंत

चहाची गाळणी स्वयंपाकघर सोडून संडासाच्या दारामागच्या खिळ्याला टांगलेली दिसली, तेव्हाच शेजारचा नेमसिंग काय ते समजला. तो गप्पा मारायला म्हणून आला होता आणि जरा मागच्या अंगणात जाऊन आला होता. येऊन त्याने खेमसिंगच्या खांद्यावर हात ठेवला. आपल्या संस्थेत नवा सभासद दाखल व्हावा तसा तो हसला.

"खडा?"

"हाव," खेमसिंग म्हणाला. "मुतखडा."

"केवढा?"

"डॉक्टर म्हनते ज्वारीच्या दान्याएवढा."

नेमसिंगचं हसू जरा उतरलं. "ज्वारी? माहा हरबऱ्याएवढा होता. असो, सुरुवातीले बारीकच राह्यते. मंग शनिवारच्या तुमच्या सायकलीचं काय?"

"तेच सांगून राह्यलो ना भाऊ. खडा पडल्याबगर सायकलीवर बसू नका म्हनते डॉक्टर. म्हंजे आता तो पडाले पायजे. पडला तर गाळणीत भेटाले पायजे. भेटला तर नेऊन दाखवाले पायजे. पन मले खरी भीती कायची हाये सांगू का, मले भीती हे हाये का—"

इथे खेमसिंग उठून गेला.

त्याला दिवसभर पाणी पीत राहायला सांगितलं होतं आणि तो सांगितलेलं ऐकणारा माणूस होता. तेव्हा ही गोष्ट अशीच अधूनमधून तुटेल. ती खेमसिंगच्या पाठोपाठ चालली आहे, आणि तो जिथे जाऊन येतो तिथे तिला त्याच्या मागे जाता येत नाही. दाराबाहेर थांबावं लागतं. अडचण एवढीच की तो आत असताना बाहेरचं जग थांबत नाही.

आताही तसंच झालं. तो परत आला तेव्हा नेमसिंगची खुर्ची रिकामी होती आणि नेमसिंगचा आवाज गल्लीच्या टोकाकडून येत होता. संध्याकाळपर्यंत खेमसिंगच्या ओट्यावर कुळथाच्या पाण्याने भरलेला गंज, पाणफुटीची पानं, मक्याच्या कणसाचे केस आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बिअरची बाटली जमा झाली. बाटली कोणी ठेवली हे कोणीच कबूल केलं नाही. येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढता काढता एकच विचारत होता.

"पडला का?"

*

खेमसिंग आडे नेर डेपोचा कंडक्टर. उभा जन्म त्याने यवतमाळ जिल्ह्याच्या रस्त्यांवर उभ्याने काढला होता. गाडीत माणसं किती, उतरली किती, दार लागलं की नाही, टपावरचं पोतं घट्ट आहे की नाही, हे पाहण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे घरी आला तरी त्याच्या डोक्यात काहीतरी सुटल्याची, कोणीतरी मागे राहिल्याची धाकधूक चालूच असायची. रात्री कडी लावल्यावर तो ती ओढून पाहायचा आणि मग ओढून पाहिली होती का ते आठवत पडायचा.

त्याची बायको कौसल्या वेगळी होती. तिला फारसं काही वाटायचंच नाही, निदान दिसायचं तरी नाही. मुलगी ममता नागपूरला नर्स झाली आणि तिची शाळेची सायकल घरी धूळ खात पडली, तेव्हा एका उन्हाळ्यात कौसल्याने ती पुसली आणि ओढत बाजार समितीच्या आवारात नेली. कापसाचा हंगाम संपलेला, आवार मोकळं पडलेलं. दोनदा ती वजनकाट्यावर जाऊन आदळली. पावसाळा लागेपर्यंत तिला सायकल येऊ लागली होती, तीही पन्नाशीला टेकल्यावर. मग एक दिवस जेवताना ती म्हणाली, "यंदा भियाकडं सायकलीनं जाऊ."

भिया म्हणजे तिचा थोरला भाऊ उत्तमसिंग. तो राहतो ढाणकीला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून पुढे सहस्रकुंडचा धबधबा.

खेमसिंगच्या हातातला घास तसाच राहिला. "सायकलीनं? ढाणकीले? अवं माही गाडी जाते तिकडं. पास हाये आपल्यापाशी."

"तुमच्या गाडीनं लई डाव गेली मी. धबधबा दिसाले लागला का तुमचा डायवर घड्याळ पाह्यते."

"पन सायकल कायले?"

कौसल्याने थोडा विचार केला. "गाडीत घंटी तुमची राह्यते," ती म्हणाली. "एक मारली का थांबा, दोन मारल्या का चला. माह्या सायकलीची घंटी माही हाये."

त्याने एक जुनी सायकल घेतली, रजा टाकली आणि काळजी करायला सुरुवात केली. कौसल्याने शिवायला घेतलं. तिच्या आजीच्या आजीच्या काळी तांड्यातली माणसं बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख हिंडायची. बैलाच्या दोन्ही अंगांना लोंबणारी जोडगोणी कशी शिवायची हे कौसल्याला आईने दाखवलं होतं. बैल मात्र तिने कधी लादला नव्हता. तिने तशाच दोन गोण्या सायकलींच्या कॅरिअरच्या मापाने शिवल्या. काठाला आरसे लावले, कवड्या लावल्या. एका अंगाला कपडे, दुसऱ्या अंगाला दशम्या आणि चिवडा.

दिवस तिनेच ठरवला होता. सोयाबीन घरात आलं होतं आणि कापूस अजून फुटायचा होता. या दोहोंच्या मधल्या फटीतून त्यांना निसटायचं होतं. एकदा कापूस फुटला की वेचणी, वेचणी झाली की लग्नं, लग्नं झाली की यवतमाळचं ऊन, आणि तोवर सहस्रकुंडात नुसते दगड. म्हणजे शनिवार, नाहीतर पुढचं साल. आणि पुढच्या सालाचं कौसल्या लग्न झाल्यापासून ऐकत आली होती.

कळ आली ती आदल्या सोमवारी, सरावाच्या वेळी, बाजार समितीच्या आवारात. खेमसिंग सायकलीवरून उतरला नाही, तो सायकलीसकट आडवा झाला.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, "बारीक आहे. खालच्या बाजूला सरकला आहे. आपोआप पडून जाईल."

"सायकलीनं ढाणकीले चाललो होतो," खेमसिंग म्हणाला.

"दुखत नसेल तर जा की. पाणी प्या, गोळ्या सोबत ठेवा."

"पन साहेब, जंगलात कळ आली तं?"

"येईल असं नाही."

"पन आली तं?"

"बघा, तुम्हाला फारच धास्ती वाटत असेल तर—"

"म्हंजे तुमचं म्हननं, जाऊ नये?"

डॉक्टरांच्या दाराबाहेर रांग होती. त्यांनी सुस्कारा सोडला. "बरं. खडा पडेपर्यंत थांबा. पडला की आणून दाखवा. मग जा."

"पाह्य," खेमसिंग वळून कौसल्याला म्हणाला, "डॉक्टर नाई म्हनते."

कौसल्या स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. ती काही बोलली नाही.

*

आणि ती पुढेही काही बोलली नाही. खेमसिंगला तेच सहन होईना.

ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती नेमाने तांब्या भरून ठेवत होती आणि कुळीथ उकळत होती. दोन्ही गोण्या माजघरात खुंटीला टांगलेल्या होत्या. येता-जाता त्यांचे आरसे लुकलुकत आणि प्रत्येक आरशात पाणी पिणारा एक एक खेमसिंग दिसे.

ढाणकीहून उत्तमसिंगचा फोन यायचा. "जय सेवालाल, जवाई. निघालं का तुमचं? मी बोकड्या सांगून ठेवला. अर्धा तांडा वाटेवर उभा राह्यनार हाये तुमाले पाहाले. सायकलीवर येनारा जवाई कोनी पाह्यला नाही इकडं."

"निघतो ना," खेमसिंग म्हणायचा. "थोडंसं एक काम अडकून राह्यलं."

"अडकलं? कुठं?"

खेमसिंगला नेमकी जागा सांगता येत नसे.

पुन्हा कळ अशी आली नव्हती. मधूनच कमरेत कुणीतरी हळूच टिचकी मारल्यासारखं व्हायचं, बस. पण जे दुखत नव्हतं त्याचीच त्याला जास्त भीती वाटत होती. दारव्ह्याच्या पुढे आलं तर? आर्णीच्या पुढे, जिथे मोबाईलला रेंज नाही तिथे आलं तर? कौसल्या आपल्याला कॅरिअरवर घालून नेत आहे आणि मागून आपल्याच डेपोची गाडी येते आहे, खिडक्यांतून सगळे पाहत आहेत, हे त्याला एवढं स्पष्ट दिसायचं की त्या गाडीचा नंबरही वाचता यायचा.

गुरुवारी दुपारी तो पाणी पीत बसला असताना कौसल्याने एक गोणी खुंटीवरून काढली. आतली साडी काढून घडी मोडली, पुन्हा घातली आणि पेटीत ठेवली. मग चिवड्याचा डबा काढला आणि गोणीही पेटीत ठेवली.

"हे काय करून राह्यली?"

"चिवडा नरमतो. खाऊन घ्या." तिने बशीत चिवडा काढून त्याच्यापुढे ठेवला. "गोण्या काय, पुढच्या साली कामी येतील."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. तिने ते बाजारात कोथिंबीर मिळाली नाही असं सांगावं तसं म्हटलं. खेमसिंगने चिवड्याचा घास घेतला. शेंगदाणा घशात अडकला. त्या बारक्या शेंगदाण्याकडून त्याचं मन ज्वारीच्या दाण्याकडे गेलं, आणि ज्वारीच्या दाण्याकडून स्वयंपाकघरात सुपात निवडायला ठेवलेल्या तुरीच्या डाळीकडे गेलं. मग तो बराच वेळ सुपाकडे पाहत राहिला.

घरच्या तुरीची डाळ होती. तिच्यात काय हवं ते सापडतं.

*

संध्याकाळी वीज गेली. रोजच जायची. खेमसिंग उठला. बनियनच्या खिशात डाळीतला खडा होता, काळपट, बारीक, अगदी ज्वारीएवढा. त्याने तो दिवसाउजेडी निवडून ठेवला होता आणि चार वेळा खिसा चाचपून पाहिला होता. इतक्या वर्षांत एका प्रवाशाला खोटं तिकीट दिलं नाही, आणि आता स्वतःच्या बायकोला—

तो आत गेला.

बाहेर येताना त्याच्या हातात गाळणी होती. "कौसल्या," तो ओरडला, "पडला."

कौसल्या मोबाईलचा उजेड घेऊन धावत आली. तिच्या मागोमाग नेमसिंगही आला. तो बोलावल्याशिवाय येतो. तिघांनी गाळणीवर डोकी वाकवली.

गाळणीत दोन खडे होते.

एक काळपट. तो खेमसिंगचा. आणि त्याच्या शेजारी एक पांढुरका, कडा तुटलेला, चिमुकला.

खेमसिंगने पुन्हा वाकून पाहिलं. पडला होता. खरोखर पडला होता. आपण खोटा टाकायला गेलो, आणि त्याच क्षणी, अंधारात, काही न दुखता, खराही पडून गेला होता. समोर कौसल्या गाळणीकडे टक लावून पाहत होती, तोंड अर्धं उघडं, आणि तिच्या तोंडावर असा आनंद होता जो त्याने ममताच्या निकालानंतर पाहिला नव्हता.

"दोन," ती पुटपुटली. "पडला, अवं खरंच पडला."

"जुळे," नेमसिंग म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता. "माहा हरबऱ्याएवढा होता, पन एकटाच होता."

गोणी पुन्हा खुंटीवर आली. चिवडा, निदान उरलेला, डब्यात परत गेला. कौसल्याने दोन्ही खडे हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवले आणि नागपूरला फोन लावला.

"याडी, दोन कसे?" ममता म्हणाली. ती आईला याडी म्हणे. "रिपोर्टात एकच होता. दोन पडले तर आणखी असतील. बापूंना द्या फोन. बापू, दुखलं का फार?"

"अजिबात नाई," खेमसिंग अभिमानाने म्हणाला.

"अजिबात? दोन खडे पडले आणि अजिबात नाही?" फोनवर थोडी शांतता पसरली. नर्स माणसाची शांतता फार वाईट असते. "उद्या सकाळी दोन्ही डॉक्टरांना दाखवा. तपासायला पाठवतील ते. कशाचे बनले आहेत ते कळतं त्यात."

कशाचे बनले आहेत ते कळतं.

खेमसिंग रात्रभर त्या वाक्याने झोपला नाही. कळलं तर? डॉक्टर रिपोर्ट वाचेल: एक खडा मुतखडा, दुसरा खडा तुरीच्या वावरातला. मग डॉक्टर हसेल, कंपाउंडर हसेल, आणि नेमसिंगला तर कळल्याशिवाय राहत नाही. पहाटे कौसल्या पाणी तापवायला मागे गेली तेव्हा त्याने हिंगाची डबी उघडली, काळा खडा चिमटीत धरला आणि खिडकीतून दूर फेकला. पांढरा, खरा, आत सुखरूप होता. झाकण लावलं. झाकण लागलं की नाही ते ओढून पाहिलं. मग त्याला जावं लागलं, कारण—

तो परत आला तेव्हा कौसल्या तयार होऊन बसली होती. पदराखाली डबी घट्ट धरलेली.

*

"बघू," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी डबी उघडली. तिच्यात पाहिलं. टेबलावर उलटी करून ठोकली. हिंगाचा वास खोलीभर पसरला.

"यात काय होतं?"

"दोन खडे," दोघेही एकदमच म्हणाले.

"यात काही नाही."

खेमसिंगने डबी घेतली, नखाने कडा खरवडल्या, तळ दिव्याकडे धरला. खरा खडा हरवला होता. जपून ठेवलेला खरा खडा. शनिवार गेला होता. "एक असाले पायजे," तो म्हणाला. "पांढरा. पांढरा मी ठेवला होता."

कौसल्याने मान झटकन वर केली. "ठेवला होता म्हंजे? काळ्याचं काय केलं?"

"फेकला."

"काळा फेकला? अवं काळा तं खरा होता."

"काळा खोटा होता. तो मी टाकलता. डाळीतला." इतकं तोंडातून गेल्यावर थांबण्यात अर्थ नव्हता. "खरा पांढरा होता. पांढरा कुठं गेला?"

कौसल्या आपल्या हातांकडे पाहू लागली.

"तो मी फेकला," ती म्हणाली. "तुम्ही मांगं गेले तवा. घाईत बोटानंच चाचपून, तुटकी कड लागली तसा काढला, आत पाह्यलं नाई. कवडीचा तुकडा होता तो. गोणी शिवताना तुटली होती एक. संध्याकाळी तुमच्याआधी मीच जाऊन टाकलता गाळणीत. मंग दोन दिसले, तं मले वाटलं दुसरा तुमचा असंन. खरा."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. बाहेर रांगेत कोणीतरी खोकलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "मला दोन खोटे खडे दाखवायला आणायचे होते, तेही तुम्ही फेकून आलात."

"तू काहून टाकला?" खेमसिंगने कौसल्याला विचारलं.

"तुम्ही काहून टाकला?"

"तू गोणी पेटीत ठेवली म्हनून."

"तुम्ही डॉक्टरच्या तोंडून नाई काढून घेतलं म्हनून," कौसल्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी याच स्टुलावर बसली होती. साहेब जा म्हनले होते. तुम्ही इचारू इचारू त्यायले नाई म्हनाले लावलं. भेव वाटते तं भेव वाटते म्हना. म्या काय मारलं असतं का तुमाले? आपले आजे-पंजे बैलं घेऊन मुलूख हिंडले. त्यायच्यात कोनाले खडा झालाच नसंन? पन बैल एकदा लादला का चालला."

खेमसिंगने डबीचं झाकण लावलं. मग उघडलं. त्या खोलीत लपायला जागा नव्हती.

"भेव वाटते," तो म्हणाला.

"मले बी वाटते," कौसल्या म्हणाली. "ढाणकीचा चढ पाह्यला मी गाडीतून."

डॉक्टरांनी चष्मा लावला आणि खेमसिंगला टेबलावर झोपवलं. पोटावर थंड लोण्यासारखं काहीतरी फासलं, यंत्र फिरवलं, थांबवलं, परत फिरवलं. खेमसिंगने श्वास धरला होता. त्याने मनात ठरवून टाकलं होतं की आता आणखी तीन निघतील.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "एकच. अगदी दारात येऊन बसलाय. धक्क्याचं काम आहे नुसतं." त्यांनी हात पुसले. खेमसिंगचं तोंड उघडताना पाहून त्यांनी बोट वर केलं. "तुम्ही काही विचारू नका. मी बाईंना सांगतो. बाई, घरात बसवून ठेवू नका यांना. हलू द्या. सायकलीवर घाला आणि न्या. रोज थोडं थोडं अंतर, पाणी भरपूर, गोळ्या जवळ. ताप आला किंवा कळ थांबेना तर सरळ जवळचा दवाखाना. आणि रस्त्यात खड्डे लागले तर चुकवू नका म्हणावं. हिसके बसले तर बरंच आहे."

"खड्डे?" खेमसिंग म्हणाला. यवतमाळ जिल्ह्यातला माणूस, तोही एसटीचा. त्याला प्रथमच काहीतरी खात्रीचं मिळालं होतं. "खड्ड्यायची काळजी नाई साहेब. ते तं आपल्या घरचे हायेत."

*

ते शनिवारी निघाले. नेमसिंग निरोप द्यायला चौकापर्यंत आला आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत राहिला की खडा अजून आतच आहे. गाळणी खेमसिंगच्या हँडलला बांधली होती. गोण्यांचे आरसे उन्हात चमकत होते आणि एका गोणीची एक कवडी कमी होती.

आणि खड्डे नव्हते.

दारव्ह्यापर्यंत रस्ता नव्याने झालेला. खेमसिंग प्रत्येक वळणाला आशेने पाहायचा. मागच्या पावसाळ्यात इथे गाडीचा पाटा तुटला होता, तिथे आता काळंभोर डांबर, गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी आर्णीच्या पुढे तर राष्ट्रीय महामार्ग, सिमेंटचा, चारपदरी. सायकल अशी पळत होती की पोटातलं पाणीसुद्धा हलेना. ज्या रस्त्यांना त्याने आयुष्यभर शिव्या दिल्या होत्या ते ऐन गरजेच्या वेळी सुधारून बसले होते.

"इतके दिवस काय करत होते हे ठेकेदार," तो कळवळून म्हणाला.

कौसल्या पुढे होती. तिने मागे पाहिलंही नाही, घंटी वाजवली नाही, हात दाखवला नाही. महामार्ग सोडून ती सरळ एका जुन्या कच्च्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी, बोंडं अजून मिटलेली. रस्ता मुरमाचा, आणि त्याच्यात खड्डे असे की त्यांना नावं द्यावीत. खेमसिंगने दात आवळले आणि पहिल्या खड्ड्यात सायकल घातली. मग दुसऱ्यात. मुरूम चाकांखालून टणाटण उडत होता, गाळणी हँडलवर नाचत होती, आणि तिसऱ्या की चौथ्या खड्ड्यात कमरेत अशी कळ आली की त्याला ढाणकी, बोकड्या, डेपोची गाडी सगळं एकदम दिसलं.

"थांब," तो कसाबसा म्हणाला. उतरला, गाळणी सोडली आणि बाभळीमागे—

तो बाभळीमागून आला तेव्हा कौसल्या दोन्ही सायकली धरून उभी होती. त्याच्या कपाळावर घाम होता. गाळणी त्याने दोन्ही हातांनी समोर धरली होती. तिच्यात एक तपकिरी, काटेरी, ज्वारीच्या दाण्याएवढा खडा होता.

त्याने नुसती गाळणी पुढे केली.

कौसल्याने खड्याकडे पाहिलं. मग पायाखालच्या मुरमाकडे पाहिलं. सगळा रस्ता त्याच रंगाचा होता.

"कुठून उचलला?"

"अवं उचलला नाई. पडला."

"गुरुवारी बी असंच म्हनले होते. याच आवाजात."

"ममताची शपथ."

"पोरीले कायले मधात आनता."

"कौसल्या, खरंच पडला. कळ आली, मंग एकदम मोकळं वाटलं, आन पाह्यलं तं—" तो थांबला. त्याच्या डोक्यात नको तो विचार शिरला होता. गाळणी हँडलला होती. चाकांखालून मुरूम उडत होता. उडालेला एखादा खडा आधीच गाळणीत जाऊन बसला असेल तर? आपण आत पाहून घेतलं होतं का? त्याने आठवून पाहिलं. आठवेना. कळ थांबली होती. थांबली होती ना? त्याने कमर दाबून पाहिली. "पाह्य ना," तो हळूच म्हणाला, "तुले काय वाटते? हा तोच असंन का?"

कौसल्याने खडा चिमटीत घेतला, उन्हात धरून फिरवून पाहिला. मग गोणीतून हिंगाची डबी काढली, खडा तिच्यात टाकला आणि डबी आपल्या पोलक्यात खोचली.

"असंन नाईतं नसंन," ती म्हणाली. "ढाणकीले पोचल्यावर पाहू. पन या डावाले डबी माह्यापाशी राहीन."

"पन नसंन तं? म्हंजे अजून आतच असंन, तं पुढं जंगलात—"

कौसल्या सायकलीवर बसली होती. तिने घंटी वाजवली. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा.

दोन घंट्या. खेमसिंगचा पाय आपोआप पायडलवर गेला.